मडगार्डवरची बाभूळ

आता कवठे येमाईत दारोदारी ट्रॅक्टर आहेत. पण सन बाहत्तरच्या आसपास हौसरावांचा तांबडा ट्रॅक्टर निघाला, की अख्खं गाव कौतुकानं बघत राही. काय दिवस होते ते! बाजाराला शिरूरकडे निघाले, की जो तो हात करी आणि हौसराव थांबत. दोघं-तिघं चाकांवरच्या मडगार्डवर चढत. गाववाल्याला नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

त्यांच्या कारभारणीला, सोजराबाईंना, हे खटके.

"अवं, गाडीतनं माणूस पडलं तर 'हो' म्हणताच बैल थांबत्यात. ह्या चाकाला माणसाची वळख नसती."

"मग चालत जा म्हणू? लोक म्हणतील, हौसरावाला माज आला!"

"म्हणू द्या की! बोललेलं इसरंल. गेलेलं माणूस न्हाई यायचं."

हौसराव हसून निघाले. त्या दिवशी भावकीतल्या चांगुणावहिनी मडगार्डवर बसल्या होत्या, मांडीवर वांग्यांची पाटी. वळणावर म्हैस आडवी आली. ब्रेक लागला आणि किंकाळी उठली! वहिनी कडेला फेकल्या गेल्या, पाटी चाकाखाली. हात मोडण्यावर निभावलं. पण वांग्यांचा चेंदा बघून हौसरावांना कारभारणीचं बोलणं आठवलं.

दुसऱ्या दिवशी कुणी बसूच नये म्हणून हौसरावांनी दोन्ही मडगार्डवर बाभळीच्या काटेरी फांद्या तारेनं आवळलेल्या! गाव पोट धरून हसलं.

खरी परीक्षा पुढच्या बाजारी आली. मुक्कामाला आलेले व्याही आनंदराव शिरूरला निघाले होते. हौसरावांची लेक त्यांच्या घरी नांदत होती. त्यांचा रुसवा तिलाच भोवणार. हौसरावांनी हात जोडले.

"पाव्हणं, रुसा माझ्यावर, पर हितं बसवणार न्हाई. चला, येष्टीपातूर म्या चालत येतो."

"व्याह्याला काटं दावता व्हय!" म्हणत आनंदराव तणतणत गेले. त्या दिवाळीला लेक माहेरी आली नाही. हौसरावांनी फराळाला हात लावला नाही. काटे मात्र त्यांनी काढले नाहीत.

पुढे गुढीपाडव्याला दारात नवा ट्रॅक्टर थांबला. वर आनंदराव, एकटेच.

"लेक कुठं हाय?" सोजराबाई धावल्या.

"मागनं येष्टीनं येतीया. सीटवर बसलो तवा दिसलं, चाक किती जवळ हाय त्ये."

हौसरावांनी पाहिलं. त्याही मडगार्डवर बाभूळ! दोघे व्याही गळ्यात पडून रडले.

मंडळी, भिडेपोटी दिलेली जागा म्हणजे मान नव्हे. आपलं माणूस सुखरूप घरी पोचावं म्हणून वेळेला नाही म्हणणं, हाच खरा मान!