'काही नाही' नव्हतं, मी होतं

मित्रांनो, मी एक जुनं लेबल आहे, पण मला गोंद लागत नाही. तुमच्या घरी डब्यांवर 'पोहे', 'तूरडाळ' लिहितात ना, तशी कॉम्प्युटरमधल्या माहितीलाही नावं असतात. माझं नाव 'सोसत_नाही'.

डोंबिवलीच्या एका दवाखान्यात पेशंटच्या नोंदी ठेवणाऱ्या वैशालीताईंनी मला घडवलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, इंग्रजी नाव द्या की." ताई म्हणाल्या, "पेशंट मराठीत सांगतो, मी मराठीत ऐकते. मध्येच साहेब कशाला बसवू?"

तेव्हापासून कुणाला शेंगदाणे, कुणाला कुठली गोळी सोसत नाही, ते मी पोटात जपलं. डॉक्टर आधी मलाच बघायचे. मी जरा फुगलंच होतं.

मग कोलशेतच्या मासळीवाल्या मनुबाई आल्या. खाडीत कालवाच्या शिंपल्याची धार लागून पाय सुजलेला. डोंबिवलीला मुलीकडे, निशाकडे उतरलेल्या. डॉक्टरांनी त्यांना ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं आणि त्यांची माहिती कॉम्प्युटरवरून पुढे धाडली. माझ्या पोटात होतं, 'पेनिसिलिन'.

तिथे जे झालं त्याने मी अजून हादरलेलं आहे. हॉस्पिटलच्या यंत्राला फक्त इंग्रजी नावं ठाऊक. त्याने मला उघडलंच नाही, सरळ बाजूला टाकलं. पडद्यावर माझ्या जागी आलं, 'काही नाही'.

रसिका सिस्टरनी पेनिसिलिनचंच इंजेक्शन भरलं. मी बघत होतं. लेबलाला तोंड नसतं.

"सिस्टर, आईला काय चालत नाही ते बघितलं ना?" निशाने सहज विचारलं.

"हो ताई. काही नाही."

"काही नाही कसं? मागे पेनिसिलिनने तिचा गळा सुजलेला. डोंबिवलीत मीच सांगितलंय."

सिस्टरचा हात तिथेच थांबला. त्यांनी सुई खाली ठेवली, मग डोंबिवलीला फोन लावला. हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळणारा सर्वेश धावत आला. त्याने मला शोधून काढलं आणि पांढरा पडला.

"नाव ओळखीचं नव्हतं, म्हणून मशीनने सोडून दिलं," तो पुटपुटला.

मनुबाई कण्हत म्हणाल्या, "मी म्हावरं पन बघितल्याबिगर टाकत नाय रे बाबा."

सर्वेशने यंत्राला माझी ओळख करून दिली. आता अनोळखी नाव आलं की ते थांबतं आणि माणसाला विचारतं.

मित्रांनो, मला फेकलं याचं दुःख विरलं. माझ्या जागी 'काही नाही' लिहिलं, ते मात्र विसरता येत नाही. नाव कळलं नाही तर विचारा. उघडून न बघता डबा रिकामा आहे असं सांगू नका. त्या दिवशी डब्यात मनुबाई होत्या.