खंड्याचा डबा

धाकटा भाऊ जुने बिस्किटांचे डबे जमवायचा, तेव्हा थोरला त्याला ‘भंगारशेठ’ म्हणायचा. चारचौघांत, हसत हसत. धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचा. पत्र्यावरची जुनी छपाई बघितली की त्याचं भान हरपायचं. केव्हाच बंद पडलेल्या एका कारखान्याने बारा पक्ष्यांचे बारा डबे काढले होते, आणि ते शोधायला तो सुट्टीच्या दिवशी बायकोला घेऊन जुन्या बाजारात भटकायचा. गंजक्या खिळ्यांच्या ढिगातून एखादं घुबड वर आलं की आधी झाकण उघडून आत नाक खुपसायचा.

“अजून वास आहे गं बिस्किटांचा!”

“गंजाचा आहे,” बायको म्हणायची, आणि मग तीही हळूच हुंगून बघायची.

रस्त्याच्या वळणावर तिचं कपडे दुरुस्त करून देण्याचं एक खणाएवढं दुकान होतं. डबे घरात वापरातच असत. घुबडात बटणं, बगळ्यात रिळं, सुतारपक्ष्यात औषधं. “नुसते बघायचे असते तर चित्रं आणली असती,” असं त्याचं म्हणणं.

तो आजारी पडला आणि इस्पितळातून परत आला नाही. ती त्याच्या उशाशी बसली होती तेव्हा घराची किल्ली थोरल्याकडे होती, ‘घराकडे बघतो’ म्हणून त्याने मागून घेतलेली. ती घरी आली तर फळी रिकामी. बटणं, रिळं, औषधं, सगळं जमिनीवर एका चादरीवर ओतलेलं. बटणांत गोळ्या मिसळलेल्या.

“भावोजी, डबे कुठायत?”

“माझ्याकडे नेलेत. तुझं चित्त थाऱ्यावर नाही, कुणी उचलून नेले असते तर?” मग जरा थांबून तो म्हणाला, “आणि तसे ते आम्हा दोघा भावांनीच जमवलेत. तुला काय कळतं त्यातलं?”

मधल्या काळात एका मासिकात तसल्या डब्यांचे फोटो छापून आले होते. भंगाराचा ठेवा व्हायला तेवढं पुरलं होतं.

ती चादरीवर बसून बटणांतून एकेक गोळी वेचत राहिली. डबे अकरा गेले होते. बारावा, खंड्याचा, तिच्या दुकानात होता; खडू ठेवायला तिने तो नेला होता. दुकान उघडल्याबरोबर तिने त्या डब्याला जाड कापडाचा, आत कापूस भरलेला अभ्रा शिवला आणि वर टाचण्या खोचल्या. टाचण्यांची उशी तयार झाली. ती तिने यंत्राशेजारी, गिऱ्हाईक बसतं त्या बाजूला ठेवली.

थोरल्याला आता संग्रहाचं भूत चांगलंच चढलं होतं. अकरा डब्यांवर त्याचं भागेना. खंड्या पाहिजे होता. पँट सैल करायची, बाही आखूड करायची असली, की तो तिच्याकडे यायचा, कारण घरचंच काम, फुकटात व्हायचं. स्टुलावर बसून रडगाणं गायचा.

“परवा एकजण म्हणाला, नदीपलीकडे एका म्हातारीकडे आहे. गेलो. निघालं कबूतर! तेही भलत्याच कारखान्याचं.”

“अरेरे. ऊन असेल ना तेव्हा?”

“ऊन म्हणजे काय, टाळकं तापलं.”

“आणि जिने?”

“चार मजले!”

“अरेरे,” ती पुन्हा म्हणायची आणि मान खाली घालून शिलाई मारायची. त्याची प्रत्येक फजिती ती नीट जपून ठेवायची. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एकेक आठवून बघायची: कबुतराची, रंग फासून गळ्यात मारलेल्या डब्याची, चुकीच्या गाडीत बसून आडगावी उतरल्याची. एकदा तर बोलण्याच्या नादात त्याने पँटची टाचणी उपसून स्वतःच्या हाताने त्या उशीत खुपसली. त्या दिवशी तिला जेवण फार गोड लागलं.

अशी बरीच वर्षं गेली. मग गावच्या ग्रंथालयाने त्याच्या डब्यांचं प्रदर्शन मांडलं. तिलाही बोलावणं आलं. तिने अभ्रा उसवला, डबा पुसला, पिशवीत टाकला. बेत एवढाच होता: सगळ्यांसमोर दाखवायचा, भावोजींचा चेहरा बघायचा, आणि डबा घेऊन घरी यायचं.

काचेच्या कपाटात अकरा पक्षी रांगेत बसले होते. खाली कार्डावर ‘संग्राहक’ म्हणून थोरल्याचं नाव. तिच्या नवऱ्याचं कुठेच नव्हतं. तिने कार्डाच्या मागेसुद्धा वाकून बघितलं.

थोरला भाषणाला उभा राहिला. “उभं आयुष्य पायपीट केली मी. पण हा संग्रह माझा नाही, तुमचा आहे. ज्या दिवशी खंड्या मिळेल, त्या दिवशी सगळेच्या सगळे डबे या ग्रंथालयाला देऊन टाकीन. शब्द आहे माझा!”

टाळ्या पडल्या. खंड्या काही या जन्मी मिळत नाही अशी खात्री पटल्यामुळे त्याला इतकं उदार होता आलं होतं.

तिचा हात पिशवीत होता. डब्याचा गार पत्रा बोटांना लागत होता. आता बाहेर काढला तर हाही जाणार. नवऱ्याच्या हातचा हा एकच उरलेला. तिने बोटं आवळली. मग पुन्हा एकदा त्या कार्डाकडे बघितलं आणि ती उठली.

“भावोजी, हा घ्या. मिळाला.”

त्याने डबा हिसकावलाच. उलटा केला, बुडाचा शिक्का बघितला. “हाच! अरे, हाच तो! कुठे मिळाला?”

“घरातच होता. तुमच्या भावाने आणलेला. बाकीचे अकरा आणले तसाच.”

ग्रंथपालबाई टाळ्या वाजवत पुढे आल्या. “म्हणजे आजच! साहेब, काय योग आहे!”

“नाही, म्हणजे... खरा आहे का ते नीट तपासायला...”

“हाच तो, असं तुम्हीच ओरडलात ना?” मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. थोरल्याचा चेहरा राखेसारखा झाला. डबा त्याच्या हातातून सोडवून घ्यायला बाईंना जरा ओढावं लागलं.

“कार्डावर काय लिहू?” त्यांनी विचारलं.

तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. मोठ्याने, आणि दोनदा.

घरी येताना पिशवी हलकी लागत होती. ती रडली, पण पस्तावली नाही.

पुढे बरेच दिवस थोरला दुकानाकडे फिरकला नाही. मग एके दुपारी कामाशिवायच आला आणि स्टुलावर बसला.

“इतकी वर्षं तुझ्याकडे होता.”

“हो.”

“मी इथे बसायचो तेव्हाही?”

“तुमच्या कोपराशी.”

त्याने कोपर जरा आत ओढून घेतलं. “मजा आली असेल तुला.”

“खूप.”

“ग्रंथालयात जाऊन बसतो मी कधी कधी,” तो म्हणाला. “लोक विचारतात, हा कुठे सापडला, तो कसा मिळाला. मला एकाचंही सांगता येत नाही.” त्याने स्टूल जरा पुढे ओढलं. “खंड्या कुठे मिळाला होता त्याला?”

तिने दोरा तोंडात धरून ओला केला, सुईत ओवला. “आता कुठलं आठवतंय, भावोजी.”

तो गेला. तिला सगळं आठवत होतं. खंड्या एका न्हाव्याच्या दुकानात होता, पात्यांनी भरलेला, आणि न्हावी द्यायला तयार नव्हता. त्याचं मन वळवायला नवरा आधी केस कापायला गेला, मग दाढी करायला, आणि शेवटी काढण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मिशी काढून आला. दारात डबा छातीशी धरून उभा, ओठ उघडाबोडका, आणि तिने त्याला क्षणभर ओळखलंच नव्हतं. ती एकटीच हसायला लागली, इतकी की शिलाई वाकडी गेली आणि सगळी उसवावी लागली.