नोकरीवर गेलेली खुर्ची

विकायला काढलेली घरं मावशी सजवायची. म्हणजे आपले पडदे, दिवे, गालिचे तिथे नेऊन असं काही मांडायचं, की बघायला येणाऱ्याला वाटावं, अरे, आपण तर इथेच राहत होतो. सामान बहुतेक तिच्याच घरचं. त्यामुळे काका निम्मा काळ जमिनीवर बसून चहा प्यायचे.

"माझी खुर्ची कुठाय?"

"नोकरीवर गेलीय. तुम्ही रिटायर झालात, ती नाही."

कामं द्यायच्या एजंटबाई. कामाला वाघीण, पण तोंडाला कुलूप. काम आवडलं तरी "ठीक", नाही आवडलं तरी "ठीक". किल्लीसुद्धा मावशीच्या हातात देत नसत. स्वतः दार उघडायच्या, स्वतः लावायच्या. मावशीला एकच हवं होतं, बाईंनी दर वेळी आपल्यालाच बोलवावं. पण आपण बाईंच्या मनात आहोत की नुसत्या फोनमध्ये, याचा काही थांगपत्ता लागत नव्हता.

अशात ते पिवळट भिंतींचं घर आलं. त्याचे मालक आजोबा बहिणीकडे राहायला गेले होते. हे विकलं की तिच्याच शेजारची छोटी जागा घ्यायची, असं ठरलेलं. मावशीने जीव ओतला. खिडकी अडवून बसलेलं कपाट हलवलं, डागावर पडदा सोडला, काकांची खुर्ची उजेडात ठेवली आणि तिच्या खांद्याशी दिवा. सगळं झालं आणि आजोबा विसरलेला चष्मा न्यायला आले. खुर्चीत टेकले. ते उठेचनात.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "मावशी, काय केलंत तुम्ही त्या घराचं?"

"का हो?"

"आजोबा म्हणतात, इतकं छान घर मी विकू कशाला?"

हसावं की रडावं, मावशीला कळेना. काम इतकं चांगलं झालं की पार वाईट झालं. "मग मी चुकले का?"

"ठीक," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

आता या 'ठीक'चं काय लोणचं घालायचं? काका म्हणाले, "पाहुणी म्हणून पाठवलेली माझी खुर्ची तिथे घरजावई होऊन बसली."

विकायचंच नाही, तर सामान परत आणायलाच हवं. एजंटबाई हाताची घडी घालून दारात उभ्या राहिल्या. मावशीने पडदा काढला. डाग बाहेर आला. दिवा काढला, भिंती आजारी दिसायला लागल्या. तिथेच ठाण मांडलेल्या आजोबांनी खुर्चीचा हात धरून ठेवला.

"ही राहू दे की."

"आमचे हे जमिनीवर बसलेत, आजोबा."

खुर्ची गेली तशी खोली घुमायला लागली. आजोबा गोंधळून भिंतींकडे बघत राहिले. "म्हणजे मला आवडलं ते माझं घर नव्हतंच?"

"खिडकी तुमचीच," मावशी म्हणाली. "बाकीचं माझं."

आजोबा बाईंकडे वळले. "बहिणीशेजारच्या जागेला खिडकी आहे?"

"मोठी आहे."

"मग हे विका. आणि तिकडचं घर या मावशींनी मांडायचं, तरच."

"ठीक," बाई म्हणाल्या. आजोबा चष्मा घेऊन, या वेळी आठवणीने, बहिणीकडे गेले.

मावशी खुर्ची घेऊन जिन्यात पोचली, तर मागून आवाज. "वर न्या परत. उद्या लोक येतायत घर बघायला."

"आत्ताच तर खाली आणली."

"हो. आणि घर विकेपर्यंत आजोबांना आत घेऊ नका." बाईंनी मावशीच्या मुठीत किल्ली कोंबली. "तुमच्याकडेच ठेवा. पुढच्या घराचीही देते."

"पण मग मी चुकले होते की नाही?"

"मलाही कळत नाहीये," म्हणत बाईंनी खुर्चीचे मागचे पाय उचलले.

अर्ध्या जिन्यात काकांचा फोन आला. "येतेय ना खुर्ची?"

"निघाली होती," धापा टाकत मावशी म्हणाली. "पुन्हा कामावर रुजू झाली."