आधी सुया काढा, मग बाळ घ्या

काल माझ्या लेकीच्या टाचेतून रक्त घेतलं तेव्हा ती अशी किंचाळली की माझा जीव अर्धा झाला. डोळे पिवळे दिसतात, कावीळ किती चढलीय ते बघायला हवं, मान्य आहे हो मला! पण उघड्या टेबलावर पोर नुसती हातपाय झाडत होती, रडून रडून काळीनिळी झाली. आज पुन्हा रक्त घ्यायचं म्हटल्यावर मी पांघरूण भिरकावलं आणि म्हणाले, "आधी माझ्या टाचेत टोचा, मग तिच्या."

आजची सिस्टर मोठी खमकी. म्हणाली, "ताई, दुखणं कमी करायला दर वेळी औषधच लागतं असं नाही. उघड्या छातीशी बाळ घ्यायचं, हातपाय जवळ गोळा करून. जिभेवर साखरपाण्याचे थेंब सोडायचे. तुम्ही अंगावर पाजताना टोचलं असतं तर आणखी छान, पण तुम्हाला थंडी भरलीय, दात वाजतायत नुसते. बाबा कुठेत?"

बाबा खिडकीशी पडद्याची शिवण तपासत उभे होते. आमचे हे शिंपी. लेक झाल्यापासून तिला हात म्हणून लावलेला नाही. गावभरच्या लोकांच्या छातीची मापं घेणारा माणूस, पोटच्या पोरीचं माप मात्र लांबून नजरेनंच घेत होता. "निसटेल गं हातातून," हे एकच पालुपद.

"शर्ट काढा," सिस्टर म्हणाली.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. शर्ट निघाला, आणि कॉलरमधून एक टाचणी टुणकन फरशीवर पडली.

"थांबा! जागचे हलू नका!" सिस्टर ओरडली.

मग ह्यांची झडती सुरू झाली. बनियनच्या काठाला टाचण्या. पँटच्या कमरेला सुई, तीही दोरा ओवलेली. खिशात सुयांची आख्खी पुडी. सगळं ट्रेमध्ये टणटण पडत होतं.

"अजून कुठे?"

"ऊं हूं," हे मान हलवत म्हणाले.

"तोंड उघडा."

ओठांतूनही दोन निघाल्या! मी कपाळावर हात मारला. "अहो, एका सुईचं दुखणं कमी करायला बोलावलं तुम्हाला, आणि तुम्ही सगळं दुकान अंगाला टोचून आलात!"

"कामाचा माणूस आहे तो," कोपऱ्यातल्या स्टुलावरून सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही जरा गप्प बसता का!"

हे बनियन काढून, हातबित धुऊन खुर्चीत टेकले. सिस्टरनं लेकीला त्यांच्या उघड्या छातीवर ठेवलं, त्यांचा एक हात तिच्या ढुंगणाखाली दिला, दुसरा पाठीवर, आणि वरून चादर घातली. हे असे ताठ, जणू हँगरला लटकवलेत.

"श्वास घ्या हो, बाबा," सिस्टर म्हणाली.

साखरपाण्याचे थेंब जिभेवर पडले. लेकीनं मिटक्या मारल्या. सिस्टर थोडं थांबली आणि मग तिनं टाच हातात घेतली. मी डोळे गच्च मिटले, उशी कानांवर दाबली.

काहीच आवाज येईना. बाई गं, पोरीला काय झालं? मी धसकून उशी फेकली. रक्त बारीक नळीत उतरत होतं. लेकीनं नाक मुरडलं, एकदा "कुं" केलं आणि बापाच्या छातीवर खुशाल झोपून गेली. रडत होते ते हे! टपटप, तिच्या टोपीवर.

"झालं," सिस्टर म्हणाली आणि तिला पाळण्यात ठेवायला उचललं.

तशी जी किंचाळली म्हणता! तीच ती, कालची किंकाळी. सिस्टरनं घाईघाईनं तिला परत छातीवर ठेवलं. गप्प. पुन्हा उचललं, पुन्हा बोंब. सुईला भीक घालत नाही, आणि बापापासून हलवलं तर आकाशपाताळ एक!

मला असा राग आला! नऊ महिने पोटात वागवली मी, आणि हिला गादी आवडली ह्यांची. राग यायचा तो आला, पण त्याहून जास्त बरं वाटलं. इतकं, की आता माझ्याही डोळ्यांना धार लागली.

"राहू दे तिथंच," सिस्टर म्हणाली आणि नळी घेऊन निघून गेली.

थोड्या वेळानं लेकीच्या पाठीवरची ह्यांची करंगळी हळूच वर झाली.

"अगं," हे कुजबुजले, "मला जायचंय."

"बाप झालात ना?" मी म्हटलं. "बसा आता."