निळ्या बशीचे तुकडे

भिकाजी मास्तराला आपल्या तपशिलाचा भारी गर्व. गोव्यात पेडण्याकडे शाळा चालवताना तो मुलांना सांगायचा, "नुसतं झाड म्हणू नका, कुठलं झाड ते सांगा." पुढे त्याने पाखल्यांविरुद्ध, म्हणजे पोर्तुगीजांविरुद्ध, एक पत्रक लिहिलं, पोलीस मागे लागले आणि मास्तर जीव मुठीत धरून हद्दीपलीकडे बांद्याला आला. पंचावन्न साली बांद्यात असे परागंदा बरेच होते. पण लिहावं ते आपणच, असं मास्तराचं प्रामाणिक मत होतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी तो नवं पत्रक पुरं करत बसला होता. संध्याकाळी गोवामुक्ती समितीचे दाजी ते छापखान्यात न्यायला येणार होते. त्यात माणसांना गुपचूप नदी पार करून देणाऱ्या होडीवाल्याची हकीकत होती. खरा होडीवाला बाबली. मास्तराने त्याचा 'राम' केला होता. नाव बदललं की झालं, ही त्याची समजूत. 'त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं, पण त्या तीन बोटांत त्याने अख्खी नदी धरली होती.' हे वाक्य त्याने स्वतःलाच दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं आणि खुशीत तंबाखू मळायला घेतली.

वर बघतो तर दारात सुभद्राकाकी.

पळून येताना याच बाईने त्याला आठ दिवस आपल्या माळ्यावर लपवलं होतं. तिचा मुलगा शिवा त्याला वर भाकरी नेऊन द्यायचा. मास्तराच्या मागच्या पत्रकात हीच काकी होती, 'लक्ष्मी' या नावाने.

"काकी! तू हय कशी? बस, बस. शिवा बरो मां?"

"बाबलीन होडयेत घालून हाडल्यान माका," एवढंच ती बोलली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "माझ्यावर लिवलंस तां आसा मां तुझ्याकडे? वाचून दाखव."

काकीला अक्षरओळख नव्हती. मास्तराची छाती फुगली. पत्रक पलीकडे पोचलं होतं तर! त्याने ट्रंकेतून कागद काढला आणि शाळेत वाचायचा तसा ठासून वाचू लागला.

"लक्ष्मीच्या अंगणातल्या तुळशी वृंदावनाला निळ्या बशीचे फुटके तुकडे बसवलेले होते."

"होय," काकी म्हणाली.

"तुळशीमागे एक वाकडा फणस."

"होय."

"ओसरीच्या तिसऱ्या खांबाला घोड्याचा नाल."

"होय."

देवळात गाऱ्हाणं घालताना सगळा गाव 'होय म्हाराजा' म्हणतो, तशी ती एकेक गोष्ट पदरात घेत होती. मास्तराने कौतुकाच्या आशेने वर पाहिलं आणि तिचा चेहरा बघून कागद खाली ठेवला.

"असांच वाचल्यानी," काकी म्हणाली.

"कोणी?"

"पोलिसांनी. आंगणात उभे रवान. येक येक वाचीत आणि त्या त्या वस्तूवर काठी ठेयत. मगे शिवाक नेल्यानी. घराक कुलूप घातल्यानी. बारा दिस झाले. पोरगो जितो आसा काय नाय, कोण सांगणा नाय."

नाव मी बदललं होतं, असं काहीतरी मास्तर पुटपुटला, आणि ते ऐकून त्याची त्यालाच लाज वाटली. शिवाला आपण धरून दिलं. पैसे घेऊन नव्हे, मार खाऊन नव्हे, शाबासकीसाठी. त्याने टाक भिंतीवर भिरकावला.

"आता एक अक्षर लिवचंय नाय, काकी."

"मगे माझो झील, माझो शिवा, कित्याक गेलो?" काकी कडाडली. "लिवतलंस! तेंनी काय केल्यानी तां सगळां लिवतलंस. पण परत कोणाच्या दारातली तुळस लिवू नको." एवढं बोलून ती खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मास्तराला तिच्याजवळ जायचा धीर झाला नाही.

बऱ्याच वेळाने त्याची नजर नव्या पत्रकावर गेली. बाबली आत्ता पुन्हा नदीवरच असेल, त्या तीन बोटांनी वल्हं मारत. मास्तराने कोपऱ्यातून टाक उचलला. वाक्य अजूनही सुंदरच वाटत होतं, याचा त्याला संताप आला. त्याने ते एक अक्षरही वाचता येऊ नये इतकं खोडलं आणि वर लिहिलं, 'एका माणसाने आम्हाला नदी पार करून दिली.'

दाजी आले, उभ्याउभ्याच त्यांनी पत्रक वाचलं.

"मास्तरानू, बाकी झकास आसा. पण ह्यां वाक्य तुमचां वाटणा नाय. होडयेवालो कसो, तेचां तोंड कसां, काय तरी घाला मां. वाचणाऱ्याक माणूस डोळ्यांफुडे दिसाक व्हयो!"

"नको, दाजी," मास्तर म्हणाला. "तो दिसाक नको."

दाजींना काही कळेना. ओसरीवरून काकी म्हणाली, "होय."