ग्रो, ग्रू, ग्रोन

इस्पितळाच्या धुलाईखात्यात मुकादमाची जागा रिकामी झाली आणि नव्या मालकांनी फर्मान काढलं, मुलाखत इंग्रजीत. झालं! ज्यांनी जन्मभर रक्ताच्या चादरी धुतल्या, त्यांना आता जीभ धुवायला बसवलं. कचेरीने शिकवायला एक सर पाठवले. सरांचा सगळा जीव एकाच क्रियापदात अडकलेला.

"ग्रो," सर म्हणाले. "मालकांना हा शब्द फार आवडतो. झाड वाढतं, ग्रो. केस वाढतात, ग्रो. शेतात पीक घेतलं, तेही ग्रो. लहानाचं मोठं होणं, ग्रो अप. म्हातारं होणं, ग्रो ओल्ड."

"आणि काम वाढतं ते?" वहिनीने विचारलं.

"तेही ग्रो."

"आणि पगार?"

सगळे खो खो हसले. सर हसले नाहीत. "त्याचं वाक्य नंतर घेऊ."

वहिनी धुलाईतली सगळ्यांत जुनी बाई. तिची धाकटी नणंद तिथेच कामाला होती, ती हाक मारायची म्हणून अख्खं खातं तिला वहिनीच म्हणायचं, आणि धाकटीला नणंदबाई. दोघीही त्या जागेसाठी उभ्या होत्या. नणंदेला मिळाली तर सोन्याहून पिवळं. वहिनीला नाही मिळाली तर खेळ खलास. तिचा उजवा खांदा गेला होता. ओल्या चादरींचं ओझं यंत्रातून उपसताना ती डाव्या हातावर भागवायची, आणि हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर त्याच दिवशी नारळ दिला असता. इथे मोडकी बादली आणि मोडका माणूस एकाच दाराने बाहेर जातात.

सरांनी फळ्यावर नमुना लिहिला. मी नदीकाठच्या लहान घरात वाढले, माझे वडील गुलाब लावायचे, मला कंपनीबरोबर वाढायचंय. तिन्ही वाक्यांत ग्रो. "आता यात आपापलं घाला," सर म्हणाले. आपापलं इंग्रजीत घालायला कुणाच्या बापाला येत होतं? सगळ्यांनी अख्खा फळाच पाठ केला, नदीसकट, गुलाबांसकट, परक्या बापासकट.

मुलाखतीला सगळे बाहेरच्या बाकावर बसले. दार नीट लागत नव्हतं. आधी घड्या घालणारा आत गेला. "आय ग्रू अप निअर अ रिव्हर. माय फादर ग्रू रोझेस." मग इस्त्रीवाली गेली. रिव्हर, रोझेस. मग नणंद. तिच्या रोझेसवर आत कुणीतरी फिस्सकन हसलं. तेव्हा वहिनीच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्यांचा बाप एकच होऊन बसला होता.

मग नणंदेचा आवाज खाली गेला. मराठीत काहीतरी पुटपुटली. ऐकू आलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा कान लाल.

"हसलं कोण गं?" वहिनीने विचारलं.

"आतल्या मॅडम खूश झाल्या. तूही तेच बोल."

"आणि मराठीत काय चाललं होतं?"

"कुठे काय? पाणी मागितलं." नणंद नजर चुकवून पुढे गेली.

आत चष्म्यावाल्या मॅडम होत्या. त्यांनी हसू दाबून इंग्रजीत विचारलं, "तुम्हीही नदीकाठी वाढलात का?"

पाठ केलेलं सोडलं तर हातात काय उरत होतं? तरी तिने सोडलं.

"नो, मॅडम. आय ग्रू अप हिअर." तिने जमिनीकडे बोट केलं. तिची आई याच खात्यात धुवायची आणि पोरीला कोरड्या चादरींच्या ट्रॉलीत झोपवायची. एवढं कसं सांगणार? "इन ट्रॉली," ती म्हणाली. "मदर वॉशिंग. आय ग्रू."

मॅडमचं हसू ओसरलं. "डू यू वाँट टू ग्रो विथ अस?"

"चादर ग्रो, मॅडम. पेशंट ग्रो. धुणारा माणूस नो ग्रो. सेम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मराठीत बोला. तुमची नणंद म्हणाली, तुमचा उजवा हात वर जात नाही. खरं आहे?"

पाणी मागितलं होतं म्हणे!

"उचला बघू."

तिने दात आवळून हात उचलला. खांद्याशी येऊन तो अडकला. कपाळावर घाम फुटला.

"एवढाच जातो. तुमच्याच चादरींनी खाल्लाय." तिने हात खाली घेतला. "पण मुकादमाला चादरी उपसायच्या नसतात, मॅडम. उपसणाऱ्यांकडे बघायचं असतं."

"बघू," मॅडम म्हणाल्या. बघू म्हणणाऱ्यांनी आजवर काय बघितलंय?

पाळी संपायच्या आत कारकून खाली आला. "नणंदबाई मुकादम," त्याने यंत्रांच्या घरघरीवर ओरडून सांगितलं. "जड कामाला कुणाला लावायचं ते त्या ठरवतील. ज्याला झेपत नाही, त्याने घरी बसायचं."

तो गेला. यंत्र थांबलं, झाकण उघडलं, आत ओल्या चादरींचा ढीग. सगळे नव्या मुकादमाकडे बघू लागले. वहिनी सरळ यंत्रापाशी गेली आणि डावा हात आत घातला.

"वहिनी, राहू दे," नणंद हळूच म्हणाली.

"का?"

"तुला माहितीय."

"मला माहितीय. आत मॅडमना तू सांगितलंस, त्यांनाही माहितीय. आता यांना सांग."

"सगळ्यांसमोर कशाला..."

"मुकादम आहेस ना? हुकूम मोठ्याने देतात."

नणंदेला पळून जावंसं वाटलं असेल, पण पळायला जागाच नव्हती.

"वहिनी ओल्या चादरी उचलणार नाही!" ती ओरडली. "तिचा खांदा इथल्या कामाने गेलाय. ती घड्या घालील. कुणाला काही म्हणायचंय?"

वहिनीने हात बाहेर काढून पदराला पुसला.

"आता बरोबर बोललीस," ती म्हणाली. "घरी गेल्यावर मात्र माझ्याशी बोलू नकोस."