फिनेलसाहेबांचं नाक

पालिकेतून आरोग्य निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर फिनेलसाहेबांना तपासायला हॉटेलं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी घर तपासायला घेतलं. फिनेल हे नाव हाताखालच्या माणसांनी ठेवलेलं. सून ते फक्त मनातल्या मनात म्हणे.

मुलाच्या मानेवर गळू झालं, तेव्हा साहेबांनी निदान केलं, "आळस." सुनेच्या काखेत झालं, तेव्हा, "अस्वच्छता." मग नातीच्या मांडीवर झालं. पोर कळवळत होती आणि साहेब सुनेला विचारत होते, "माझ्या अंगावर आहे का एक तरी पुटकुळी? मग दोष कुणाचा, तूच ठरव."

सुनेने ठरवलं. सगळ्यांना घेऊन ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. साहेबही आले, देखरेखीला.

बाईंनी पू तपासायला पाठवला आणि प्रत्येकाच्या नाकात कापसाची काडी फिरवली. "माझ्या कशाला?" म्हणत साहेबांनीही नाक पुढे केलं. तपासणीबद्दल त्यांना जन्मजात आदर होता.

निकाल आला. "स्टॅफिलोकॉकस ऑरियस," बाई म्हणाल्या. "अगदी नेहमीचा जंतू. पुष्कळांच्या नाकात मुकाट राहतो, घरमालकाला त्रास देत नाही. दुसऱ्याच्या अंगावर गेला आणि कुठे खरचटलेलं सापडलं, की गळू. तुमच्याकडे तो एकाच नाकात आहे." त्यांनी साहेबांकडे पाहिलं.

"अशक्य! घरातला एकेक टॉवेल मी स्वतः हुंगून बघतो, नीट धुतलाय की नाही!"

"हुंगून? नाक लावून?"

मुलगा छताचा पंखा निरखू लागला. सुनेने ओठ चावून हसू दाबलं.

नाकात लावायचं मलम मिळालं, टॉवेल वेगळे झाले, गळवं बरी झाली. साहेब मात्र खोलीतच बसू लागले. नात दारात आली की हात पाठीमागे घेत. आता मजा येईल, असं सुनेला वाटलं होतं. आली नाही.

फेरतपासणीत नाक स्वच्छ निघालं, तशी तिने पोरीला उचलून त्यांच्या मांडीवर बसवलं. "घ्या बाबा."

साहेबांनी घसा खाकरला. "लक्षात ठेव, जंतूलासुद्धा राहायला स्वच्छ जागा लागते."

"हो ना! आमच्याकडे त्या बिचाऱ्याचं निभलंच नसतं."

साहेबांनी तोंड फिरवलं. मग नात त्यांच्या मांडीवर गदगदा हलू लागली, तेव्हा सुनेला कळलं, साहेब हसताहेत.